इंजेक्शनवालं इंजिन घेऊ, दत्तू म्हणाला होता

बातमी आली तेव्हा मी सातपूरच्या माझ्या शेडमध्ये भंगाराच्या एका गाडीवरून भांडत होतो. बायकोचा फोन दोनदा कापला, कारण समोरचा व्यापारी नुकताच नरम पडायला लागला होता आणि अशा वेळी मी कोणाचाच फोन घेत नाही. शेवटी घेतला तो ओरडतच. ती म्हणाली, "कुंदाकडे या. दत्तूभाऊ गेले." चहा पिऊन पेपर चाळता चाळता खुर्चीतच मान कलंडली म्हणे. मी व्यापाऱ्याला म्हणालो, "तू म्हणतोस तो भाव," आणि निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितलेला भाव जसाच्या तसा मान्य केला. त्याला काही महिने होतील आता, पण माझा राग उतरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं म्हणतात. चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण आधी तक्रार लिहितो.

दत्तू माझा साडू, त्याची बायको कुंदा ही माझ्या बायकोची धाकटी बहीण. तो कारखान्यात फिटर होता. मी हातगाडीवर भंगार गोळा करत वर आलो. पहिल्या भेटीपासून तो मला 'शेठ' म्हणायचा, आणि तेव्हा माझ्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. तो निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांत मिळून एक जुनी फायबरची होडी घेतली. धरणाच्या फुगवट्यावर रविवारी जायचं, गळ टाकून बसायचं. मासे कमीच मिळायचे, भांडणं भरपूर. होडीसोबत मागे अडकवायचं एक छोटं इंजिनही आलं, कार्बोरेटरवालं. तो सौदा करायला जाताना मी दत्तूला बजावलं होतं, "होडी आवडली तरी तोंडावर दिसू द्यायचं नाही. आपली गरज समोरच्याला कळली की संपलं." बिचारा तिथे असा उभा राहिला, जणू कोणाच्या तरी मयतीला आलाय. होडी आम्हाला निम्म्या भावात पडली. परतताना तो हसत म्हणाला, "शेठ, लय अवघड काम हाय हे. गाल दुखले माझे."

इंजिनापाशी कायम तोच बसायचा, दोर ओढून सुरू करायचं कामही त्याचं. मी पुढे, गळाची काठी सांभाळत. मागच्या हिवाळ्यात ते इंजिन फार त्रास द्यायला लागलं. चोक ओढायचा, दोर ओढायचा, पुन्हा चोक, पुन्हा दोर... गार सकाळी तर ते जागचं हलायचं नाही. तेव्हा दत्तूने विषय काढला, "नवीन घेऊ. इंजेक्शनवालं." मला वाटलं थट्टा करतोय. जो माणूस जन्मभर पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जगला, तो मला कॉम्प्युटरवालं इंजिन घ्यायला सांगतोय!

गंगापूर रोडवर एका दुकानात दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी मांडलेली होती. मी दुकानदारासमोरच दत्तूवर सुरू झालो. कार्बोरेटर बंद पडला तर तू पाण्यातसुद्धा खोलशील, जेटचं बारीक भोक फुंकून साफ करशील, निघालो आपण. इंजेक्शनचा पंप गेला, सेन्सर गेला, तर मधोमध बसून काय करायचं, आरती म्हणायची? वर किंमत किती जास्त ते बघ. दत्तू शांतपणे म्हणाला, "पेट्रोल पहिल्यासारखं नाय राहिलं शेठ. इथेनॉल असतं त्यात. आठवडाभर इंजिन उभं राहिलं की जेट चिकटतो. ह्याला ती भानगड कमी. पेट्रोल कमी पितं, धूर नाय." सगळं खरं होतं. पण फिटर माणूस कार्बोरेटरच्या विरोधात बोलतोय हे मला पटेना. मी म्हणालो, "दुकानदाराने काय पाजलंय तुला?" दुकानदार कसनुसा हसला. दत्तू त्या नव्या इंजिनाच्या दोराची मूठ चाचपत होता. म्हणाला, "एका ओढीत चालू होतं, तेवढं बघ." मी म्हणालो, "ओढायला पैसे पडतात का?"

त्याने दोराची मूठ सोडून दिली. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी एवढी वर्षं माणसांचे चेहरे वाचून पोट भरलंय, आणि त्या चेहऱ्यावर मला काहीही दिसलं नाही. जुनंच इंजिन दुरुस्त करून आम्ही पुन्हा लावलं.

दहावं झाल्यावर कुंदाच्या घरी आम्ही तिघंच बसलो होतो, ती, मी आणि माझी बायको. कुंदा म्हणाली, "दाजी, ते इंजिन आता विकून टाका. मला ते डोळ्यांसमोर नको." मी विचारलं, इंजिनाने काय केलं? तेव्हा ती बोलली. दत्तूचं हृदय कमजोर झालं होतं. जोराचं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "मी त्यांना पाण्याची बादली उचलू द्यायची नाही दाजी. आणि ते तिकडं दोर ओढत बसायचे." मी बायकोकडे पाहिलं. तिची मान खाली.

"तुला माहीत होतं?"

"त्यांनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी होडी विकली असती. मला म्हणाले, आक्का, माझा तेवढा रविवार राहू द्या."

विकली असती. खरं आहे, दुसऱ्या दिवसाचीही वाट बघितली नसती. पण म्हणून सांगायचंही नाही? अरे, मी दोर ओढला असता, तू पुढे काठी धरून बसला असतास. इंजेक्शनवालं घेतलं असतं, बटणावर सुरू होणारं घेतलं असतं, दुकानदार मागेल त्या भावात. एकदा तोंडातून काढायचं होतंस... त्याऐवजी पेट्रोल, इथेनॉल, जेट. खरं कारण खिशात ठेवून दुसरीच कारणं माझ्यासमोर मांडलीस. मीच शिकवलेली युक्ती दत्तूने होडीच्या सौद्यानंतर एकदाच वापरली, आणि ती माझ्यावर. डॉक्टर म्हणतात, दोराने झालं असं सांगता येत नाही, कसंही झालं असतं. ही वाक्यं मला उपयोगाची नाहीत. ज्याच्याशी भांडायचं तो समोर नाही. घरात बायकोशी बोलायला गेलो की आवाज चढतो, मग ती उठून आत जाते.

परवा निफाडकडचा एक माणूस शेडवर आला. नदीवर त्याची होडी आहे, त्याला जुनं कार्बोरेटरचं इंजिन स्वस्तात हवं होतं. मी त्याला विचारलं, "दोर कोण ओढणार?"

"आमचे वडील. त्यांनाच हौस हाय, दिवसभर पाण्यावरच असतात."

"वय?"

"सत्तरी झाली की. पण लय काटक हायेत."

"मग इंजेक्शनवालं घे. नवीन."

"ते परवडत नाय शेठ. तुमचं दाखवा ना. भाव तर सांगा."

मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या शेडमधला लेथवरचा माणूस मशीन बंद करून बघायला आला. निफाडचा तो बिचारा गाडीला किक मारून निघून गेला. त्याची काय चूक होती?

संध्याकाळी शेड बंद करताना, कुंदाकडून आणून कोपऱ्यात ठेवलेलं ते इंजिन पाण्याच्या ड्रमवर अडकवलं. इतक्या वर्षांत मी त्याचा दोर कधी हातात धरला नव्हता. चोक ओढला आणि दोराला झटका दिला. नुसती खाकर. पुन्हा दिला, पुन्हा... खांद्यातून कळ गेली, घाम फुटला, इंजिन काही बोलेना. मला दत्तूला एक सणसणीत शिवी द्यायची होती, पण दम असा लागला होता की तोंडातून शब्द निघेना. ड्रमच्या कडेला धरून, दाराकडे पाठ करून मी तसाच वाकून उभा राहिलो, कोणाला तोंड दिसू नये म्हणून. दोर ओढून झाल्यावर दत्तू असाच माझ्याकडे पाठ करून बराच वेळ पाण्याकडे बघत बसायचा. मी पुढून विचारायचो, "काय रे, मासा दिसला का?" आणि तो मागे न वळता नुसता हात वर करून म्हणायचा, थांब.