उघाडीवरचा कौल

नवरा गेल्यापासून दोन वर्षं मी देवीशी नीट बोलत नव्हते. दिवा लावायचे, फूल वाहायचे, थोरल्या सुनेनं करायचं ते सगळं करायचे, पण मनात अढी धरून. त्यांच्या आजारपणात मी तिला कौल लावला होता. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. आठवडाभरात ते गेले. तेव्हापासून वाटायला लागलं, ओली पाकळी दगडावरून कधीतरी पडणारच, डावी काय नि उजवी काय. आपण उगाच तिच्यात देव बघतो. हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

आमचं मिठागर खाडीच्या बांधाला लागून आहे. गावातली बाकीची मिठागरं कधीच विकली गेली, तिथं आता ट्रक उभे राहतात. हे एक उरलंय, ते मी आणि माझे दीर मिळून चालवतो. बांधात उघाडी आहे, म्हणजे लाकडी फळ्यांचा दरवाजा. उधाणाच्या भरतीला फळ्या उचलायच्या आणि खाडीचं पाणी आत घ्यायचं, त्याचंच पुढं मीठ होतं. उघाडीशेजारी, बांधाच्या बाहेरच्या अंगाला, कोपऱ्यात आमची देवी. देवी म्हणजे शेंदूर लावलेला कमरेएवढा दगड, डोक्यावर छप्परसुद्धा नाही. हंगामाचं पहिलं पाणी घेण्याआधी तिला विचारायचं, अशी आमच्या घरची रीत. त्याच खाडीचं पाणी तांब्यात घ्यायचं, जास्वंदीच्या पाकळ्या त्यात भिजवून तिच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते ते बघत उभं राहायचं.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेच्या तोंडावर बाहेर समुद्रात दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल सांडलं. बातम्यांत सांगत होते, तवंग खोल समुद्राकडे सरकतोय, किनाऱ्याला काळजी नाही. दिरांचं म्हणणं, हे उधाण चुकलं तर पुढचं पंधरा दिवसांनी, आणि वाफे तर तुडवून तयार आहेत. खरंच होतं ते. पण एकदा का तेल वाफ्यांत शिरलं तर ती माती कितीतरी वर्षं पांढरं मीठ देणार नाही, हेही आम्हां दोघांना ठाऊक होतं. मिठागर गेलं असतं तर माझ्याजवळ नवऱ्याच्या हातचं दुसरं काही उरलं नसतं.

पौर्णिमेच्या सकाळी मी कौल लावायला उभी राहिले, ते निव्वळ रीत म्हणून. भरती लागली होती, दुपारी बारा-साडेबाराला पाणी पूर्ण चढणार होतं. मी पाकळ्या लावल्या आणि हात काढतेय तोवर दोन्ही एकदमच घसरल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबून धरल्या, तरी चिकटेनात. दीर मागून म्हणाले, "वयनी, काय सांगते आय?" मी म्हटलं, "काय बोलतच न्हाय." मला खरंतर राग आला होता. एकदा खोटं सांगून झालं, आता तोंडच फिरवलंस का, असं मी तिला मनातल्या मनात म्हणाले. आणि मग लक्षात आलं की माझी बोटं बुळबुळीत झालीयत. मी बोट नाकाशी नेलं. वास गॅरेजचा होता.

तांब्यातलं पाणी मी नुकतंच खाडीतून भरलेलं. डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, उन्हात धरल्यावर वर बारीक सप्तरंगी साय दिसली. बातम्यांतलं तेल आमच्या दारात आलं होतं आणि आम्ही फळ्या उचलायला उभे होतो.

दीर गावात धावले. अर्ध्या तासात बांधावर माणूस मावेना. कोळीवाड्यातले आले, शेतावरचे आले, ट्रकवाले आले. काय करायचं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मीच शहाणपण करून दुकानातून कपडे धुवायच्या पावडरीची पोती मागवली. तेलकट भांडं साबणानं निघतं, खाडीही निघेल, इतकंच माझं डोकं चाललं. पहिलं पोतं फोडणार, तेवढ्यात एक छोटी होडी वाहत वाहत आमच्या बांधाला येऊन टेकली. आत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते, पलीकडच्या तीरावरच्या मुसलमान वस्तीतले. त्याच तीरावर जरा वरच्या अंगाला राहणाऱ्या बहिणीकडे निघाले होते, मध्येच इंजिन बंद पडलं आणि भरतीनं त्यांना आमच्याकडे आणून सोडलं. पोत्यांकडे बघून ते शांतपणे म्हणाले, "साबू नका टाकू, बाय. साबूनं तेल तुटून तळाला बसतं. मग कुनाच्यानं निघायचं न्हाय."

त्यांची अर्धी हयात आखातातल्या एका बंदरावर पाण्यावरचं सांडलेलं तेल काढण्यात गेली होती. खाडीत तिथं एरवी कुणी यायचं नाही आणि त्या दिवशी नेमके ते आले. मी यावर आजही काही बोलत नाही, बोलताच येत नाही.

चाचांनी सांगितलं, जुनी जाळी आणा, त्यांत भाताचा पेंढा नि नारळाची सोडणं भरा, रिकामे कॅन बांधून खाडीभर तरंगत सोडा. पण आडवी नाही, तिरकी. म्हणजे तेल त्यांच्या कडेनं सरकत एका कोपऱ्यात जमेल, तिथून उपसता येईल. कोपरा कुठला, हा खरा प्रश्न होता. पाणी शांत असे कोपरे दोनच. एक पलीकडे, जिथं चाचांच्या वस्तीतल्या बायका ओहोटीला शिंपल्या काढतात आणि त्यावर घर चालवतात. दुसरा आमचा, देवीचा, उघाडीला लागून. फळ्यांतून थोडं जरी झिरपलं तरी मिठागर संपलं. दीर माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून. चाचा खाली वाकून कॅनला दोरी बांधायला लागले.

मी देवीकडे पाहिलं. तिच्या पायाशी पाकळ्या पडल्या होत्या. आता विचारायला कौलही नव्हता. आजवर प्रत्येक गोष्ट मी तिच्याकडून हो नाहीतर नाही वदवून घेतली होती आणि त्या दिवशी तिनं उत्तराची जबाबदारीच माझ्या हाती दिली. मी म्हटलं, "हितंच आना." हे शब्द माझ्या तोंडून कसे आले मला कळलं नाही. आल्यावर मात्र दोन वर्षांत नव्हतं इतकं हलकं वाटलं.

मग जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. खळ्यांवरून पेंढ्याचे ट्रक आले. कोळणींनी जाळी शिवली. आम्ही बायका मिठागराचा चिखल काढून उघाडीपुढं ओतत गेलो आणि वाफे तुडवतात तसा एकमेकींच्या कमरेला धरून तो पायांनी घट्ट तुडवला. बाराच्या सुमाराला तेल आलं. काकवीसारखं काळं, जाड, आवाज नसलेलं. ते पेंढ्याला लागलं, थांबलं, आणि चाचांनी सांगितलं होतं तसं हळूहळू कडेनं सरकत आमच्या कोपऱ्याकडे निघालं. पाणी देवीच्या गळ्यापर्यंत चढलं. ती त्या काळ्यात उभी होती आणि मी फळ्यांना आतून हात लावून बसले होते. फळ्या कोरड्या राहिल्या.

पुढं तेल उपसायला दोन दिवस लागले. घमेली, डबे, जे मिळेल त्यानं पिंपं भरली. मग सरकारी माणसंही आली आणि ती पिंपं घेऊन गेली. आम्हाला दोन उधाणं सोडावी लागली. पाणी तपासून झाल्यावर तिसऱ्या उधाणाला मी फळ्या उचलल्या, आणि त्या खेपेला तिला काही विचारलं नाही. नवऱ्याच्या वेळचा राग कधी गेला ते सांगता येणार नाही, शोधायला गेले तर सापडला नाही.

पण मला खरं सांगायचंय ते उपशाच्या दुसऱ्या दिवसाचं. पलीकडच्या तीरावरच्या बायका होड्यांतून आमच्या मदतीला आल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, चाचांची बहीण, खोबरेल तेलात फडकं बुडवून बांधाचा एकेक दगड पुसत चालली होती. पुसत पुसत ती देवीपाशी आली आणि थांबली. आमच्या घरच्या सुनांशिवाय त्या दगडाला आजवर कुणी हात लावलेला नाही. तिनं मला विचारलं, "ह्यांना तुमीच पुसाल ना?"

मी म्हटलं, "तुमीच पुसा. तुमच्या शिंपल्यांपायीच ती काली झाली."

ती खाली बसली आणि आजारी माणसाचं तोंड पुसावं तसा तिनं तो दगड पुसायला घेतला. मी तिच्या शेजारी बसून हात जोडले, आणि कुणाला जोडतेय हे ठरवत बसले नाही.