बबनभाऊ मुरूडला गेले तेव्हा

बबनभाऊंना कुणी किती वाजले विचारलं, तरी ते आधी "कशाला पायजे?" म्हणायचे. वलवणला ते आमचे शेजारी, आणि टॅक्सी चालवायचे खंडाळ्यात. लांबच्या पॉइंटला जायचा कंटाळा आला, की "वर निस्तं धुकं हाय, काय बी दिसणार न्हाई," असं बिनदिक्कत सांगून पर्यटकांना ओळखीच्या चिक्कीवाल्याच्या दारात उतरवायचे. त्यामुळे सारं जग आपल्यासारखंच, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. माणूस मात्र जिवाला जीव देणारा! माझी आई तापानं फणफणली तेव्हा दवाखान्यात त्यांनीच नेलं, आणि "हे इंजेक्शन खरंच लागतंय का?" म्हणून डॉक्टरांना हैराणही त्यांनीच केलं.

त्यांच्या बायकोला, शेवंताकाकूंना, समुद्र बघायचा होता. आणि जंगलातली ती मोठी खार, शेकरू. लग्न झाल्यापासूनचा हट्ट. गेल्या हिवाळ्यात भाऊंनी एकदाची गाडी काढली, मलाही बरोबर घेतलं.

मुरूडला पोचताच तपास सुरू! छुपा कॅमेरा तर नाही ना, म्हणून खोलीतला आरसा उचलून मागं पाहिलं, दाराची कडी तीनतीनदा ओढली. घरमालकीण सुरमईचं कालवण वाढायला आली, तर म्हणे, "आजची म्हणता मावशी, मग होडी कुणाची ते सांगा." काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अवो, जेवा की गप!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या फणसाडच्या जंगलात गेलो. सगळा दगडधोंड्यांचा चढउतार. बरोबरचा वाटाड्या म्हणाला, "ओढ्याकडची वाट खचलीय. शेकरू वरच्या अंगालाही दिसेल, जरा थांबावं लागेल."

भाऊंनी मला डोळा मारला. "ऐकलंस? समदी आपल्याच धंद्यातली बोली. गड्याला उतरायचा कंटाळा आलाय." आणि निघाले की तरातरा खाली! मागून काकू, त्यांच्या मागून मी.

अर्ध्या उतारावर काकू म्हणाल्या, "अवो, पाय सरकतोय माझा."

भाऊंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "माघारी फिरायचंय तुला, म्हून नाटकं."

तेवढ्यात पायाखालचे दगड निसटले आणि काकू घसरत गेल्या. घोटा मोडला. काकू किंचाळल्या. वाटाड्या धावत उतरला, काकूंना पाठीवर घेऊन चढायला लागला. आणि भाऊ मागून विचारतात काय, "जवळच्याच दवाखान्यात नेतोयस न्हवं?" असा संताप आला मला!

परतताना काकू मागच्या सीटवर प्लास्टरातला पाय लांब करून बसल्या होत्या. शेकरू राहिलंच. घाट चढताना भाऊ पुटपुटले, "त्यो खरं बोलतोय, हे मला कसं कळावं? परका माणूस."

"त्याचं ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "मी तर परकी न्हवते."

भाऊंनी गाडी कडेला घेतली. मागं वळून हळूच विचारलं, "लय दुखतंय का गं?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. "सांगून काय उपेग?"