उन्हात वाळवलेल्या काचा

माझ्या शोधनिबंधांची यादी कुणी मागितली की मी निमूटपणे काढून देतो. आकाशातून येणारे सूक्ष्म कण, त्यांचं क्षणाचं आयुष्य, उतारवयात विश्वाच्या आरंभाबद्दल केलेली दोन-चार धाडसी विधानं, सगळं तीत आहे. पंचविशीत ज्या कामावर जीव टाकला, तेवढं नाही. ते का नाही, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

हे कण आपल्यावर रात्रंदिवस पडत असतात. बहुतेक जमिनीच्या वरच्या थरातच अडतात, थोडे चिवट खूप खोल जातात. मला ते चिवट हवे होते. म्हणून पन्नासच्या दशकात मी नागपूरहून चांद्याला आणि तिथून घुग्घुसकडच्या एका कोळशाच्या खाणीत जाऊन पोचलो. तिथल्या बंद पडलेल्या बोगद्यात काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचा डब्यांत घालून ठेवल्या. फोटोच्या काचेसारख्याच, फक्त लेप जाड. कण लेपातून गेला की त्याची रेघ उमटते आणि काच औषधात धुतली की ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. काचा परदेशातून आलेल्या. दुसऱ्या मिळणार नाहीत, असं गुरूंनी बजावलं होतं. माझी डॉक्टरेट त्यांच्यावरच अडून होती.

राखणीला मिळाले बत्तीघरातले एक वयस्क भाऊ. पाळीवर जाणाऱ्यांचे दिवे पुसून, तपासून देणं हे त्यांचं काम. कोळशाच्या धुळीनं छाती खराब झाली म्हणून त्यांना खालून वर आणलेलं होतं. बोगद्यात दिवसातून एकदा डोकावायचं, एवढंच मी त्यांच्यावर सोपवलं.

"साहेब, ह्याच्यात हाय तरी काय?" त्यांनी विचारलं.

मला पाचची मोटार गाठायची होती. शिवाय यांना काय कळणार, हा तोराही होताच. "नाजूक माल आहे भाऊ, घरच्या वस्तूसारखा जपा," म्हणालो आणि निघालो.

दसरा झाल्यावर परत आलो, तर काचा बोगद्यात नव्हत्या. धावत भाऊंच्या घरी गेलो. अंगणात खाट टाकलेली, तिच्यावर स्वच्छ धोतर अंथरलेलं आणि धोतरावर माझ्या काचा ओळीनं मांडलेल्या. शेजारी सुपात उडदाच्या शेंगा. पावसाळा सरला की त्या मुलखात घरोघरी गोधड्या, धान्य, पेटीतली लुगडी, सगळ्याला ऊन दाखवतात. भाऊंनी माझ्या संशोधनालाही दाखवलं होतं.

"लय ओल धरली होती साहेब," ते कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले. "कागद पार भिजून गेलते. म्हनलं बुरशी लागंन. तीन दिवसापासून ऊन देऊन राह्यलो."

"दोन्ही बाजूनं पलटवल्या," त्यांची बायको दारातून हसून म्हणाली.

मी काय काय बोललो ते आठवलं की आजही लाज वाटते. लेप पापडासारखा फुगला होता. उजेड लागलेली काच धुतली की नुसती काळी होते. भाऊ एकेक काच उचलून धोतराच्या टोकानं पुसत होते आणि "काऊन? काय झालं?" एवढंच विचारत होते.

खाणीच्या मॅनेजरनं सगळं लेखी मागितलं. मी लिहिलं, 'राखणदाराच्या निष्काळजीपणामुळे काचा नष्ट झाल्या.' ओलीनं त्या रेघा आपोआप पुसट होतात, हे मला ठाऊक होतं. डबे मेणानं बंद करायला गुरूंनी सांगितलं होतं आणि मी कंटाळा केला होता. भाऊंनी त्या उन्हात काढल्या नसत्या, तरी बहुधा हाती काही लागलं नसतं. यातलं एक अक्षरही मी कागदावर येऊ दिलं नाही. आपली डॉक्टरेट वाचवायची तर दोष दुसऱ्याच्या पदरात टाकणं सोपं होतं.

मॅनेजरनं कागद वाचला. "सोमवारपासून याला परत खाली पाठवतो," म्हणाला.

त्या छातीचा माणूस खाली किती दिवस काढणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी समोरचा चहा संपवला आणि सही केली.

फाटकाशी भाऊ माझीच वाट पाहत उभे होते. माझी पेटी त्यांनी हातातून घेतली आणि मोटारीपर्यंत चालत आले. दोनदा खोकल्यासाठी थांबले. त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"साहेब, पुढच्या खेपेले मलेच द्या," ते म्हणाले. "आता समजलं मले, उजेड नाई दाखवाचा. माह्या हातून पुन्हा नाई होनार."

"हो भाऊ, तुम्हालाच देईन," मी म्हणालो आणि मोटारीत चढलो.