ताईंचा पहिला क्लायंट

समोरच्याला वाक्य पुरं करू न देण्यात माझ्या थोरल्या नणंदेचा हात धरणारं माणूस अख्ख्या इंदुरात नाही, आणि लोकांचं निमूट ऐकून घेणं हा त्यांचा व्यवसाय आहे! मी "ताई, आज भाजीत..." म्हणेपर्यंत उत्तर हजर: "मीठ कमी आहे. मालूम आहे मला. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलली नाही!" पोह्यांवर शेव किती घालावी इथपासून शेजारच्या सुनेनं माहेरी कधी जावं इथपर्यंत सगळ्यावर त्यांचं मत तयार. भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासमध्ये त्या काउन्सेलर होत्या. रडणाऱ्या मुलांचे डोळे पुसून त्यांना परत वर्गात ढकलायचं, एवढीच तिथल्या सरांची अपेक्षा. एक दिवस ताईंनी तोंडावर सांगितलं, "सर, मी पंक्चर नाही काढत," आणि पक्की नोकरी सोडून घरी आल्या.

मग स्वतःचं काउन्सेलिंग सुरू करायला अन्नपूर्णा भागात जिना चढून एक खोली भाड्यानं घेतली. निळे पडदे, समोरासमोर दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा. आमचे हे, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, बघून म्हणाले, "ताई, इंदुरात मन मोकळं करायला पैसे कोण देईल? इथे तर पानवाला भिया फुकट ऐकतो!"

लोक मात्र आले हो! इतके आले की खुर्च्या शेजारून मागवाव्या लागल्या. अडचण एवढीच की सगळे अभिनंदन करायला आले. आमच्याकडची रीतच ती. कुणी नवं काही उघडलं की मिठाईचा डबा घेऊन सहकुटुंब जायचं आणि ठाण मांडून बसायचं. "बहुत बढ़िया, आता पेशंटही येतीलच," म्हणत मंडळी दुपारभर चहा प्यायची. एकदा खरंच गरज असलेली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली, तर आमच्या काकूंनी खणखणीत विचारलं, "अगं, तू जोश्यांची ना? तुला काय झालं?" ती गेली ती गेलीच. त्या दिवशी ताईंनी काकूंना हाताला धरून जिन्याखाली पोचवलं आणि दारावर लिहून लावलं: 'अभिनंदन घरी स्वीकारलं जाईल.' नातेवाईक रुसले. खोली रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. ताई रोज इस्त्रीची साडी नेसून जायच्या, एकट्या बसायच्या आणि घरी येऊन "एकदम शांत वाटतं तिथे" म्हणायच्या. असंच चाललं तर खोली सोडावी लागणार, हे त्यांनाही कळत होतं.

आणि एका दुपारी पहिला क्लायंट आला. आमचे हे! नाना, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून ह्यांना धड झोप नव्हती. थट्टा तेवढी जोरात चालू. मीच मागे लागून त्यांना घेऊन गेले. खुर्चीत बसून म्हणाले, "ताई, फीस देईन मी. मला नानांबद्दल बोलायचंय."

ताई टिश्यूचा डबा इकडचा तिकडे करत राहिल्या. मग ओळखीच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंना फोन लावून त्यांनी संध्याकाळची वेळ घेतली. "बाळ्या, घरच्यांना मी नाही घेऊ शकत. नियम आहे."

"इतनी मुश्किल से आलो मी, आणि तू नियम सांगते?" हे चिडलेच.

"नियम जाऊ दे रे." ताईंचा आवाज फुटला. "ते माझेही नाना होते ना. तू बोलशील आणि मीच रडत बसेन."

दोघंही रडले, आणि मीही. हे डॉक्टरबाईंकडे जायला लागले आणि स्वभावाप्रमाणे ऑफिसभर, पानाच्या दुकानापर्यंत सांगत सुटले, की मी जातो, तुम्हीही जा, आमच्या ताईंकडे जा. तेव्हापासून एकेक जण जिना चढायला लागला. आता खोली छान चालते. नानांनी ती बघायला हवी होती, असं फार वाटतं मला. पण ताईंपुढे ते बोलायचा धीर मला अजून झालेला नाही.