घरटं न बांधणारे उंदीर

इदालिना तावारेसला मी उंदरांची आई म्हणायचे आणि ती चिडायची. बॉस्टनच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी केप व्हर्द बेटांवरच्या बायका पिंजरे बदलायचो. बावीस वर्षांत तिला उंदराच्या नुसत्या बसण्यावरून त्याचं दुखणं कळायला लागलं होतं.

कर्करोगावर नवीन औषध आलं. डोळ्यांना न दिसणारे कण, गाठीत शिरले की आपोआप उघडणार आणि औषध तिथेच सोडणार. उंदरांच्या गाठी भराभर आटल्या. प्रयोगशाळेच्या डॉक्टरसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

पण उंदरांना आम्ही कागदाच्या पट्ट्या देतो, त्यांचं ते सकाळपर्यंत घरटं करतात. हे औषध दिलेल्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा पडलेल्या. खायचे भरपूर, पण एकमेकांना बिलगूनही झोपायचे नाहीत. इदालिनाने साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तक्त्यात वजन आणि गाठ एवढंच भरायचं असतं, आणि दोन्ही उत्तम आहे. जळला मेला तो तक्ता!

याच औषधाची माणसांवरची चाचणीही तेव्हाच चालू होती. इदालिनाचा धाकटा भाऊ आर्मिंदो त्या चाचणीत होता. स्वादुपिंडात गाठ, दुसरा इलाज उरलेला नव्हता. आई गेल्यावर त्याला इदालिनानेच वाढवलेलं. दुसऱ्या डोसनंतर गाठ निम्मी झाली आणि घरात आनंदीआनंद झाला. फक्त इदालिनाला येणारा त्याचा रोजचा सकाळचा फोन बंद झाला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याची नात रांगत त्याच्या पायाशी आली, रडली. तो ताटलीतला कचुपा, आमच्याकडचं मक्याचं कालवण, संपवत राहिला. इदालिना माझ्याकडे बघत होती.

तिसऱ्या डोसच्या दिवशी मीच तिला गाडीतून नेलं. आज सगळं सांगते, असं ती वाटभर म्हणत होती. चाचणीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरच्यांना काही वेगळं जाणवतंय का?"

आर्मिंदोच्या मुलीने, नेलिदाने, आत्याचा हात घट्ट धरला होता. बोलावं तर औषध बंद, आणि मग गाठ त्याला सोडणार नव्हती.

"नाही हो," इदालिना म्हणाली. "जेवतो छान."

मीही मान डोलावली. कोणत्या तोंडाने तिला दोष देऊ?

आर्मिंदोला आतल्या खोलीत नेलं. दार उघडंच होतं. सुई टोचताना नर्सने त्याला विचारलं, "ताईंना बोलावू का जवळ बसायला?"

"कशाला?" तो म्हणाला.