पेवावरचा दगड
जुन्या ज्वारीचा कुबट वास आला की केदारखेड्याच्या सासरचं पेव आठवतं. रझाकारांच्या धामधुमीत सासरे त्या जमिनीतल्या कोठारात लपले आणि निजामाच्या पोलिसांनी येऊन थेट तोंडावरचा दगड उचलून त्यांना पकडलं. त्यांचे थोरले भाऊ निजामाच्या नोकरीत, म्हणून सासऱ्यांचा वहीम कायम त्यांच्यावरच. माझं लग्न झालं त्या चौऱ्याऐंशी साली ज्वारी काढायला पेव उघडलं. हवा बघायला आत सोडलेला कंदील लगेच विझला. थोरले एकदम म्हणाले, “तव्हाबी आत अशीच जीवघेणी हवा व्हती. तू मेला असता, म्हून मीच पोलिसांला सांगितलं.” सासरे त्यांच्याकडं वळले. “मंग दगड तुलाच का उचलता आला न्हाई, दादा?” दोघंही गेले आता. मी थोरल्यांवर विश्वास ठेवायला बघते, पण मधे तो दगड येतो.