न पाहिलेले पाय

कोरिन झवॉडनीला डॉक्टर व्हायचं होतं आणि आजारी माणसाला हात लावायची तिला भीती वाटत होती. पहिली गोष्ट सगळ्या टोलेडो शहराला माहीत होती, दुसरी फक्त तिच्या आईला.

मेडिकलच्या अर्जात पेशंटांजवळ काम केल्याचे तास दाखवावे लागतात. कॉलेज संपल्यावर हाताशी एक वर्ष होतं. ॲम्ब्युलन्सवर जाता आलं असतं. आई डोलोरेस बावीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवणं-बसवणं, अंघोळी घालणं हेच करत होती, तिथेही जाता आलं असतं. कोरिनने तिसरंच निवडलं. डॉ. प्रुइट बाईंच्या दवाखान्यात लेखनिक. डॉक्टर तपासणार, बोलणार, हिने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कॉम्प्युटरवर नोंद करायची. पेशंटला हात लावायचा नाही, असा नियमच होता.

"डॉक्टर विचार कसा करतात ते शिकायला मिळतं," ती आईला म्हणाली. "शिवाय शिफारसपत्र."

डोलोरेस बटाटा भरलेले करंजीसारखे पिरोगी तळत होती. मागे वळून न बघता म्हणाली, "हो गं बाई. पाण्यात न उतरता पोहणं शिकून ये. मग मलाही शिकव."

कोरिन चिडली. पंधराव्या वर्षी आईच्या आश्रमात एका आजीने तिचं मनगट धरलं होतं. ती हात सोडवून थेट बसस्टॉपपर्यंत पळाली होती. आईने तो विषय कधी काढला नव्हता, आणि त्याचाच तिला धाक वाटे.

पाच महिने बरे गेले. डॉ. प्रुइटना दहा मिनिटांत एक पेशंट संपवायची सवय. त्यांच्या वेगाने लिहायला लेखनिकांची एक युक्ती होती. एक बटण दाबलं की सगळी तपासणी आपोआप उमटायची: हृदयाचे ठोके नियमित, पोट मऊ, पायांना सूज नाही. वेगळं काही आढळलं तर तेवढंच बदलायचं. डॉक्टर खोलीत शिरायच्या आतच कोरिन ते बटण दाबून मोकळी व्हायची. सगळेच दाबत.

नोव्हेंबरात एका दुपारी वेन ऑसगुड आले. काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, खोकल्याने हैराण. डॉक्टरांनी शर्टावरूनच छाती ऐकली, औषध सांगितलं आणि त्या बाहेर पडल्या. शिफारसपत्र शुक्रवारी देते, असं त्यांनी कोरिनला सकाळीच कबूल केलं होतं.

वजन करताना काढलेला बूट पायात घालायला ऑसगुड खुर्चीत वाकून झटत होते. धापा टाकत म्हणाले, "पोरी, जरा हात लाव गं. हा बूट हल्ली माझं ऐकतच नाही. बायको असती तर म्हणाली असती, बूटही तुझ्यासारखाच हट्टी."

कोरिनने दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली. मोज्याचा काठ पोटरीत रुतला होता. टाच धरताना तिचा अंगठा त्यांच्या घोट्यावर दाबला गेला. तिने तो उचलला, तर तिथे खळगा तसाच राहिला. पीठ मळून त्यात बोट रोवावं तसा.

वर कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्याच हाताने उमटलेलं होतं: पायांना सूज नाही.

पुसून टाकावं? मग लिहायचं काय? डॉक्टरांनी पाय पाहिलेच नव्हते. गप्प बसावं, तर हा माणूस खोकल्याचं औषध घेऊन घरी जाणार. आणि सांगावं, तर शुक्रवारचं पत्र गेलंच म्हणायचं.

"काका, बूट राहू द्या. इथंच बसा. उठू नका हं."

डॉ. प्रुइट पुढच्या खोलीच्या दाराशी होत्या. "डॉक्टर, मी... मी पायांचं आधीच लिहिलं होतं. तुम्ही पाहायच्या आधी. पण सूज आहे. खूप."

"तुला काय माहीत?"

"हात लावला मी."

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्या मागे फिरल्या. या वेळी शर्ट काढायला लावून छाती ऐकली, दोन्ही पाय दाबून पाहिले, मानेची शीर पाहिली. हृदयावर ताण दिसतोय म्हणाल्या आणि ऑसगुडना तिथूनच हॉस्पिटलला रवाना केलं.

मग ऑफिसचं दार लावून घेतलं. "नियम मोडलास. त्याआधी खोटं लिहिलंस."

"हो."

"मी सही करणार होते त्यावर." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पत्र देईन. पण खरं सांगू? तू वेगाने टाइप करतेस, एवढंच मला लिहिता येईल. आजच्या एका दुपारवर शिफारस होत नाही. आणि ते बटण यापुढे बंद. तुझं आणि माझंही."

कोरिन गाडीत येऊन बसली. असल्या पत्रावर कुठलं मेडिकल कॉलेज तिला घेणार? आणि चांगलं पत्र हवं असेल, तर जिथून ती पळाली होती तिथेच जावं लागणार होतं. तिने आईला फोन लावला.

"तुमच्या आश्रमात शिकाऊ घेतात ना अजून?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी. आई, मला खूप भीती वाटतेय."

डोलोरेस म्हणाली, "शिकाऊंचा वर्ग सोमवारी सुरू होतोय. नखं कापून ये."